वजा केलेला डोल

दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी, देवगड बंदरापासून बावीस सागरी मैलांवर, एका मासेमारी बोटीचा डोल सात सेकंदांवर गेला. बोट एका कुशीवर कलते, मग दुसऱ्या कुशीवर जाऊन परत पहिल्या कुशीवर येते; त्याला लागणारा वेळ म्हणजे तिचा डोल. सकाळी याच बोटीचा डोल पावणेपाच सेकंदांच्या आत होता. बोट कोणती, हे कोणालाच माहीत नव्हतं. तिच्यावरच्या माणसांनाही बहुधा काही बिघडलंय असं वाटत नव्हतं, कारण सावकाश डोलणारी बोट पायांना सुखाची लागते.

ही नोंद पाहिली समिधा जुवाटकरने. ती तेव्हा समुद्रापासून तीनशे मीटर उंचीवर, एका छोट्या संशोधन विमानात, मागच्या खुर्चीवर पट्टा आवळून बसली होती. चिपी विमानतळावरून निघून विमान दोन तास उत्तर-दक्षिण अशा सरळ रेघा मारत होतं. खाली, गोव्याच्याही दक्षिणेला, कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता आणि तो किनाऱ्याला काय पाठवणार आहे याचा अंदाज घेणं हे या उड्डाणाचं काम.

विमानाच्या पोटातलं रडार खालच्या लाटांची उंची मोजतं. पण विमान स्वतःच हवेत वरखाली होत असतं. ते हातभर खाली गेलं तर रडारला वाटतं, समुद्रच हातभर वर आला. म्हणून रडारशेजारी एक त्वरणमापक बसवलेला असतो. त्याचं तत्त्व सोपं आहे. लिफ्ट सुरू होताना पोटात जो खड्डा पडतो किंवा पाय जड होतात, तेच हे यंत्र सेकंदाला शेकडो वेळा नोंदवतं. त्या धक्क्यांची बेरीज केली की वेग कळतो, वेगाची बेरीज केली की आपण किती सरकलो ते कळतं. तेवढं रडारच्या आकड्यातून वजा केलं, की उरतो तो समुद्र.

बोटींवरही तेच. पूर्वी लाटा मोजायला किनाऱ्यापासून दूर दोन-चार पिवळी तरंगती यंत्रं नांगरून ठेवलेली असत आणि त्यांच्यावर साऱ्या किनाऱ्याचा अंदाज चाले. चार वर्षांपूर्वी समिधाच्या गटाने तळहाताएवढी पेटी तयार केली आणि ती थेट मासेमारी बोटींवर बसवली. आता देवगडच्या दोनशे बोटी म्हणजे दोनशे लाटमापक झाले होते. फक्त बोटीचा स्वतःचा डोल त्यातून वजा करावा लागे. वजा केल्यावर जे उरे त्याचा नकाशा होई. जे वजा केलं, ते रोज पुसून टाकायचं, असा करार होता.

त्या कराराला कारण होतं. भरलेली बोट आणि रिकामी बोट सारखी डोलत नाहीत. वजन तळाला असेल तर बोट झटक्यात सरळ होते; वजन वर चढत गेलं, किंवा माल ठेवायच्या खणात पाणी साचून इकडून तिकडे वाहू लागलं, तर सरळ व्हायला वेळ घेते. म्हणजे ज्याला डोल दिसतो, त्याला बोटीत किती माल आहे हे धक्क्यावर येण्याआधीच दिसतं. आणि लिलाव होतो धक्क्यावर. किती बोटी भरून येणार हे दलालाला ठाऊक नसतं, एवढीच काय ती मासेमारांच्या हातातली दोरी.

पेट्या वाटायच्या दिवशी मच्छीमार सोसायटीच्या आवारात हाच प्रश्न निघाला होता. कोणती पेटी कोणाची, हे समिधाच्या संशोधन संस्थेला कळता कामा नये. त्यावर समिधाच्या वडिलांनी, सोसायटीचे अध्यक्ष विश्राम जुवाटकर यांनी, रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याच्या, वाट्याची रीत काढली. रापणीत मासळीचे सारखे ढीग घालतात, एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो, दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून "हो कोणाचो?" विचारतो, आणि पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घेतो. विश्राम भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी दोनशे नावं पुकारली. पेटीवर नंबर होता, पण कोणता नंबर कोणत्या बोटीवर गेला हे ना त्यांना कळलं, ना त्यांच्या लेकीला. बोटीची जागासुद्धा नकाशावर नेमकी दिसत नसे. पाच मैलांचा एक चौकोन तेवढा दिसे.

आज त्या चौकोनात सात पेट्या होत्या. सहांचे डोल चार ते सव्वापाच सेकंदांमध्ये. सातवीचा सात.

समिधाने आधी यंत्रावर संशय घेतला. पेटी सैल झाली असेल तर आकडा असा सरकतो. पण सैल पेटी खडखडते, आणि ही नोंद स्वच्छ होती. आकडा दुपारपासून एकसारखा, हळूहळू चढत आला होता. जाळं ओढलं, माल भरला, खण भरला, मग पेटारे वर फळीवर रचले, असा तो चढ होता.

"सात सेकंद वाईट आहे का?" पुढून कॅप्टन इरावती सबनीस यांनी कानातल्या फोनवर विचारलं. त्या पंधरा वर्षं अशी उड्डाणं करत होत्या आणि मागच्या खुर्चीवरच्या माणसाचा श्वास बदलला की त्यांना कळे.

"सात वाईटच. पण नुसतं तेवढं नाही," समिधा म्हणाली. "दक्षिणेकडून जी लांब लाटांची फुगी येतेय ना, आपण तासाभरापूर्वी मोजली ती, तिच्या दोन लाटांमधलं अंतर आठ सेकंदांचं आहे."

"मग?"

"झोपाळा असतो तसं आहे. त्याच्या चालीने ढकलला तर बोटाने ढकलूनही चढतो. चार-पाच सेकंदांच्या बोटीला आठ सेकंदांची लाट काही करत नाही, ती नुसती वर उचलून खाली ठेवते. पण हिचा डोल आठकडे चाललाय."

"पोचणार कधी ती फुगी?"

"सहाच्या सुमारास."

"आणि बोट बंदरात?"

"आत्ता निघाली तरी सातच्या आधी नाही."

कॅप्टन सबनीस यांनी घड्याळाकडे पाहिलं. "सांगून टाक की मग रेडिओवर."

सांगायला हरकत काहीच नव्हती. बोटींचा रेडिओ विमानात होता. पण तो उघडा रेडिओ. सातही बोटी ऐकणार, बंदरावर वडील ऐकणार, आणि धक्क्यावर दलालांच्या टपऱ्यांमध्ये दिवसभर तोच लावलेला असतो. जे वजा करून पुसायचं ते आपण बघतो, हे समिधाला त्या सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं. पुसण्याआधी तपासायला म्हणून का होईना, पण बघतोच. एवढं कळल्यावर उद्या पेट्या समुद्रात जातील. आणि पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाला लोक विचारतील, की अध्यक्षानू, तुम्ही पाठ केलीत, पण तुमच्या चेडवाचे, लेकीचे, डोळे उघडेच होते.

त्या चौकोनात तिचा थोरला भाऊ गुणाजीही होता. हे तिला पेटीवरून नाही, मघाच रेडिओवर ऐकलेल्या त्याच्या हसण्यावरून ठाऊक होतं. मावसभाऊ बाबल तारीशी काहीतरी पैज लागली होती त्याची. दोघं शाळेपासून एकमेकांच्या पुढे धक्क्याला लागायची शर्यत करत आले होते. परवाच फोनवर गुणाजी म्हणाला होता, "आमची होडी आता निवली बघ. वरती बर्फाची नवी पेटी बसवलंय तेव्हापासून अशी मवाळ डोलता, खलाशी पाळण्यात निजल्यासारे निजतत." निवली, म्हणजे शांत झाली, तृप्त झाली. गाबतांच्या, म्हणजे इथल्या मासेमारांच्या, घरात हा बोटीचा कौतुकाचा शब्द. समिधाला तेव्हाच बोलायचं होतं. पण भावाला बोटीबद्दल शिकवायचं म्हणजे तासभराचं भांडण, म्हणून तिने विषय बदलला होता.

तिने बटण दाबलं.

"देवगडच्या सगळ्या बोटींना. मी समिधा जुवाटकर, विमानातून बोलतेय. तुमच्यातल्या एका बोटीचा डोल सात सेकंदांवर गेलाय. कोणती ते मला कळत नाही. संध्याकाळी दक्षिणेकडून मोठी फुगी येतेय, आठ सेकंदांची. त्या बोटीने आत्ताच वरचं वजन कमी करायला हवं."

खरखर झाली. मग एक म्हातारा आवाज आला, मधू खवळे यांचा. साठी उलटली तरी ते स्वतः सुकाणू धरत.

"काय गो बाय, वरसून आमका पाळण्यात घालतंस काय?"

कोणीतरी हसलं. "मधूतात्यांका पाळण्यात घातल्यार पाळणोच मोडात."

"तात्यानू, मस्करी नाही," समिधा म्हणाली. "प्रत्येकाने आपला डोल मोजा. घड्याळ लावून दहा डोल मोजायचे नि दहाने भागायचं. सहाच्या वर आला तर ती बोट तुमची."

आता हसू थांबलं. बोट चालवणाऱ्या एका तरुण तांडेलाने सरळच विचारलं, "पण आमचो डोल तुका दिसता कसो? तो तर तू पुसतंस ना?"

तिने पुन्हा बटण दाबलं. तेवढ्यात बंदरावरचा आवाज मध्ये आला. सावकाश बोलायची सवय असलेला.

"समिधा, बंदरावरसून विश्राम जुवाटकर बोलतंय." वडील रेडिओवर तिला कधी बाय म्हणत नसत. "जो डोल वजा करून पुसूचो होतो, तो तू बघतंस?"

"होय बाबा. पुसायच्या आधी तपासावा लागतो. तेव्हा दिसतो."

"चार वर्सां?"

"चार वर्षं."

"ह्या माका सांगूक नाय तू."

"नाही सांगितलं."

विमानाने रेघ संपवली होती. कॅप्टन सबनीस वळण घ्यायचं लांबवत होत्या, कारण वळताना त्वरणमापकाला विमान, वारा आणि पृथ्वीचं ओढणं एकत्रच जाणवतं आणि ती नोंद फुकट जाते.

"बरां," विश्राम शेवटी म्हणाले. "त्येचा काय ता मगे घराकडे बोलूया. आता मोजा रे सगळ्यांनी. आणि आकडो मोठ्यान सांगा."

"मोठ्यान?" तरुण तांडेल म्हणाला. "अध्यक्षानू, धक्क्यार कोण कोण ऐकता ता माहीत आसा मां?"

"माहीत आसा."

पहिला आकडा मधू खवळ्यांनीच सांगितला. "सव्वापाच. ऐका रे दलालांनो, माझो खण भरललो आसा. बांगडो. आता घेवा काय भाव देतास तो."

"भरलंस मरे तात्या. आमका बोललंस, काय गावला नाय म्हणान."

"तुका सांगलंय असतंय तर तू माझ्या बाजूक जाळा टाकलंस नसतंस?"

मग चार आला. सव्वाचार. पाच. पावणेपाच. एकेक तांडेल आपली बोट किती भरली हे उघड्या रेडिओवर सांगत होता, आणि समिधा समोरच्या पडद्यावरच्या पेट्यांशी ते जुळवत होती. दोनशे नावांची जी गाठ तिच्या वडिलांनी पाठ फिरवून मारली होती, ती आता त्यांच्याच सांगण्यावरून तांडेलांच्या तोंडून सुटत होती. पाच पेट्या जुळल्या.

"गजबादेवी, साडेचार," बोटीचं नाव घेऊन गुणाजीचा आवाज आला.

"रवळनाथ, साडेचार," लगेच मागून बाबल तारी म्हणाला.

समिधाने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. साडेचारची पेटी एकच होती. दुसरी उरलेली पेटी आता सात पूर्णांक चार दाखवत होती.

दोघांपैकी एकाने खोटं सांगितलं होतं. कदाचित मोजलंच नसेल. दुसऱ्याचा आकडा ऐकून तोच सांगितला असेल, शर्यतीत मागे पडू नये म्हणून. कदाचित बांगड्याने भरलेली बोट रिकामी करायची त्याची तयारीच नसेल. बाबल मागून बोलला, म्हणून तो खोटा, असं म्हणता आलं असतं. गुणाजीच्या छपरावर बर्फाची पेटी होती, म्हणून तो खोटा, असंही.

"साडेचार दोघांनी सांगितलंय," ती शेवटी म्हणाली. "माझ्याकडे साडेचार एकच आहे. सात पूर्णांक चार एक आहे. तुमच्या दोघांपैकी कोणाचा तरी."

"पेटी चुकत असात तुझी," बाबल म्हणाला.

"पाच बरोबर आल्यात."

"मगे सहावी चुकली असात."

"दादा?" समिधा म्हणाली.

"माझो साडेचार," गुणाजी म्हणाला. आवाजात काही नव्हतं; चिडही नव्हती. त्यावरून काही ओळखता आलं नाही, आणि हा आवाज तिने जन्मापासून ऐकला होता.

कॅप्टन सबनीस यांनी मान वळवली. "तिकडे जाऊन बघू का? ही रेघ जाईल. उद्या परत मारावी लागेल, आणि उद्या हवा कशी असेल ते तुलाच ठाऊक."

"जाऊ."

विमान उजवीकडे कललं. पडद्यावर त्वरणमापकाची रेघ उडी मारून वर गेली. समिधाचे हात मांड्यांवर जड झाले. वळण संपलं तेव्हा खाली राखी समुद्रावर बोटी दिसू लागल्या, पाच एकत्र आणि त्यांच्या पश्चिमेला दोन, एकमेकींपासून अर्ध्या मैलावर. दोन्ही निळ्या-पांढऱ्या. दोन्ही भरलेल्या. दोन्ही सारख्याच शांत. वरून डोल दिसत नाही. वरून सगळ्याच बोटी निवलेल्या दिसतात.

रेडिओ पुन्हा खरखरला.

"बाबल्या."

"काय रे?"

"मी वरचे पेटारे टाकतंय."

"तू कित्याक टाकतंस? तुझो साडेचार ना?"

"साडेचारच. तुझोय साडेचार ना?"

"माझोय साडेचारच."

"मगे मी टाकतंय तर तुझा काय जाता?"

मग बाबल म्हणाला, "तू टाकलंस नि मी भरून गेलंय, तर आवशीक काय तोंड दाखवू? ती तुझी मावशी लागता."

"तर टाक."

"टाकतंय. पण माझो साडेचारच हा, लिवून ठेव."

"माझोय."

मधू खवळे मध्येच म्हणाले, "दोघांय साडेचार, नि दोघांय बांगडे परत दर्यात. शाबास रे शाण्यांनो. खणातला पाणी आधी उपसा, मगे वरचे पेटारे, मगे ती बर्फाची पेटी काय ती. उगाच एका कुशीर सगळे उभे रवा नकात."

तीनशे मीटरवरून समिधाला दोन्ही बोटींवरची माणसं काळ्या टाचणीच्या टोकांएवढी हलताना दिसली. मग दोन्हींच्या मागे पाणी चंदेरी झालं. समुद्रपक्ष्यांचे दोन थवे जमले, दोन्ही बोटींमागे एकेक, आणि कोणत्या बोटीमागे जास्त आहेत हे तिने मोजायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

"विचार की त्याला," कॅप्टन सबनीस म्हणाल्या. "भाऊ आहे तुझा. विमानात दुसरा फोन आहे, खासगी."

"आत्ता नको. तो मला खरं सांगेल असंच नाही. आणि खरं सांगितलं तर ते मला मनातच ठेवावं लागेल."

पाच वाजून पाच मिनिटांनी आकडा सात पूर्णांक सहा झाला. वजन काढतानाही बोट आधी बिघडते; फळीवरून उचललेला प्रत्येक पेटारा कठड्यापलीकडे जाईपर्यंत आणखी वर चढतो. सव्वापाचला सात पूर्णांक पाच. दुसरी पेटी, जिचा डोल साडेचार होता, तीही सव्वाचारवर आली. तिच्यावरचाही माल खरोखर जात होता.

बंदरावरून विश्राम पुन्हा बोलले, या वेळी खासगी फोनवर. "बाय."

"बाबा?"

"दलालांनी बांगड्याचो भाव आताच पाडल्यानी. पाच जणांनी सांगल्यानी ना आकडे, तेवढ्यानच."

"मला वाटलंच होतं."

"उद्या निम्मे लोक पेट्यो काढून आणून देतले. मी नाय म्हणाचंय नाय."

"नका म्हणू."

"तुझ्याशी मी घराकडे बोलतलंय." मग त्यांनी विचारलं, "किती झालो?"

"सात पूर्णांक चार. उतरतोय."

"उतरता ना?"

"हळू."

त्यांनी कोणाचा, असं विचारलं नाही.

साडेपाचला विमानातलं इंधन परतीपुरतं राहिलं. कॅप्टन सबनीस यांनी दोनदा घड्याळ दाखवलं आणि मग न विचारताच विमान दक्षिणेला वळवलं. पक्ष्यांचे दोन्ही थवे उजव्या पंखाखाली गेले. पाच बोटी बंदराकडे निघाल्या होत्या. पण त्यांच्यातली एक, मधू खवळ्यांची, वेग कमी करून त्या दोघींसाठी मागे रेंगाळत होती.

चिपीच्या अलीकडे त्यांना ती फुगी दिसली. लांब, गुळगुळीत, तेलासारखी, फेस नसलेली, एकीमागून एक आणि घाई नसलेली. रडारने दोन लाटांमधलं अंतर नोंदवलं: सात पूर्णांक नऊ सेकंद. ती दिसायला भीतीदायक नव्हती. समिधाने तो आकडा रेडिओवर सांगितला. गुणाजीने "ऐकलंय" म्हटलं, बाबलने "ऐकलंय" म्हटलं.

पेट्या दर दहा मिनिटांनी नोंद पाठवतात. पावणेसहाला डोल सात पूर्णांक एक होता. विमान उतरलं, इंजिनं बंद झाली, तरी समिधा पट्टा न सोडता पडद्यासमोर बसून राहिली. रोजच्या नियमाप्रमाणे सहा वाजता यंत्राने विचारलं, की वजा केलेला भाग पुसायचा का? तिने नाही म्हणून सांगितलं; पुसलं असतं तर त्या बोटीचा डोल उतरतोय की नाही हे कळायला काहीच उरलं नसतं.

सहा वाजून पाच मिनिटांनी आलेली नोंद अशी: चौकोनात तीन पेट्या. लाटा पोचल्या आहेत. पहिलीचा डोल सव्वापाच, दुसरीचा चार पूर्णांक दोन, तिसरीचा सहा पूर्णांक आठ, म्हणजे अजून सहाच्या वर, पण आठपासून लांब सरकणारा. बंदर अठरा मैलांवर. पुढची नोंद सव्वासहाला यायची आहे.